रेला नाच चालतो, मग गोंडी का चालत नाही? आदिवासी विकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
सप्रेम जोहार.

पत्र मराठीत लिहितोय, कारण आश्रमशाळेने मला तेवढीच भाषा लिहायला शिकवली. घरी आम्ही गोंडी बोलतो.

यंदा 9 ऑगस्टला आमच्याकडे जागतिक आदिवासी दिन साजरा झाला. पाहुणे यायचे होते सकाळी, आले दुपार कलल्यावर. तोवर पोरं डोक्याला मोरपिसं खोचून पावसात ताटकळत उभी होती. त्यात तिसरीतला माझा मुलगाही. पाहुण्यांनी गळ्यात ढोल अडकवून दोन थापा मारल्या, पोरांनी रेला केला, फोटो निघाले. गेल्या वर्षी याच मंचावरून पहिली-दुसरीसाठी गोंडी जाणणारा शिक्षक द्यायचा शब्द दिला होता. यंदा त्याबद्दल चकार शब्द नाही. शब्द कोणी दिला त्याचं नाव घेत नाही. हार घालून घेणाऱ्या कोणाचंही नाव घाला, काय फरक पडतो?

याच मुलाची उन्हाळ्यातली गोष्ट ऐका. शाळेत जेवणात कैरीचं लोणचं वाढलं. मर्का पंडुम, म्हणजे आमचा नव्या आंब्याचा सण, व्हायचा होता. पेरमाने, म्हणजे गावच्या पुजाऱ्याने, देवाला नवा आंबा वाहिल्याशिवाय आम्ही कैरीला तोंड लावत नाही. पोराने ताट सरकवलं. कारण विचारलं तेव्हा त्याला मराठीत सांगता येईना, आणि विचारणाऱ्याला गोंडी कळेना. 'माजलाय' म्हणून ताट उचललं आणि पोर रात्रभर उपाशी. पहिलीत हाच मुलगा गप्प बसायचा म्हणून मंद ठरला होता. घरी आजीबरोबर पाटा, म्हणजे गोंडी गाणी, म्हणताना त्याचं तोंड मिटत नाही! साहेब, हे मला कोणी येऊन सांगितलं तेव्हा पोटात कालवलं, कारण तीस वर्षांपूर्वी मीही असाच बसायचो.

2011च्या जनगणनेत गोंडी बोलणारे 29 लाखांवर होते, आता माझ्या हिशेबाने 35 तरी असतील. बोडो बोलणारे आमच्या निम्मे, तरी बोडो 2003 सालीच संविधानाच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, गेली. संस्कृत मातृभाषा सांगणारे पुरते 25 हजारही नाहीत, ती पहिल्यापासून आत. आम्ही दाराबाहेर. लिपी नाही म्हणावं तर मसराम आहे, गुंजाला आहे, दोन्ही युनिकोडमध्ये पोचल्या. दिल्लीला पोचल्या नाहीत.

संविधानाचं कलम 350-क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून द्या म्हणतं, 2020चं शैक्षणिक धोरणही तेच म्हणतं. पण धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 साली स्वतःच्या हिमतीवर गोंडी शाळा काढली, तर ती बेकायदेशीर! गावाला हायकोर्टाची पायरी चढावी लागली. सरकारने काढायची नाही, आम्ही काढली तर नोटीस. सुरजागडचं लोहखनिज न्यायला मात्र ट्रकांची रांग लागते. त्याच डोंगरावर आमचा ठाकूरदेव आहे, पण त्याला कोण विचारतो? इंग्रजांशी लढून फासावर गेलेल्या आमच्या बाबूराव शेडमाकेंच्या पुतळ्याला हार घालायला सगळे पुढे. त्यांच्या नातवंडा-पतवंडांना अआइई कोणत्या भाषेत शिकवायचं, हे ठरवायला मुंबईत बैठक.

मागणं फार नाही. पहिली-दुसरीला गोंडी जाणणारा शिक्षक द्या, तो गावातलाच असला तरी चालेल. पुस्तकं छापा. पंडुमचे दिवस शाळेच्या सुट्ट्यांत धरा. मोहगावसारख्या शाळांना मान्यता द्या.

उत्तर लेखी पाठवा. 'आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे' एवढंच असेल तर टपालखर्च वाचवा, तसली पत्रं माझ्याकडे गठ्ठाभर पडली आहेत.

एका गोंड विद्यार्थ्याचा बाप,
जि. गडचिरोली