पाय उचलण्याआधी छाती दाबा

संपादक महोदय,

परवा खानापूरच्या बाजारात एक गृहस्थ कोसळले. श्वास बंद, तरी दोघे पाय वर धरून उभे, तिसऱ्याने नाकाशी कांदा धरलेला. छातीला कुणी हात लावेना! मी निवृत्त परिचारिका. गर्दी सारून दाबायला बसले.

नुसती भोवळ असेल, श्वास नीट चालू असेल, तर पाय वर करावेत. पायांतलं रक्त हृदयाकडे लवकर परततं. पण हृदयच थांबलं, तर ते रक्त मेंदूपर्यंत ढकलणार कोण? तिथे छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायचं, १०८ ची गाडी येईपर्यंत. पाय उचलण्यासाठी हात थांबवू नयेत. दमल्यावर दुसऱ्याने बसावं.

तालुक्यातल्या गणेश मंडळांनी यंदा आरतीनंतर हे शिकवावं. बोलावलंत तर मी येईन.

– एक निवृत्त परिचारिका, खानापूर