भुऱ्याचा पाय, आणि बाकी घरचं

ती. बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

दादा, हे पत्र तू वाचून दाखवशील, आणि औषधाचं लिहिलं आहे तेवढं दोनदा वाचशील.

आई, मी बरी आहे. थंडी आहे पण घरात हीटर आहे, पांघरूण जाड आहे, आणि जेवण मी हातानंच करते, तू दिलेल्या तिखटाचा अर्धा डबा अजून शिल्लक आहे. रात्रपाळीचं मनाले लावून नको घेऊ. इथं बर्लिनमध्ये बाया रात्री एकट्या ट्राममध्ये जातात-येतात, मी पण जाते, आजवर कोणी वाकडं बोललं नाही. चार वाजताच अंधार पडते हे खरं आहे पण आता सवय झाली. बाकी माझं रोजचं तुले फोनवर सांगतच असते.

आता भुऱ्याचं, आपल्या कुत्र्याचं. पोळ्यापासून लंगडून राहिला आणि कशानं ते अजून कोणाले सांगता येत नाही. काटा नाही, सूज नाही, जखम नाही, ढोराच्या डॉक्टरनं सुई दिली की थोडे दिवस बरा आणि मंग पुन्हा तेच. आई तू म्हणते पोरगी गेली म्हणून त्याचा पाय धरला, तसं नको म्हणत जाऊ, मंग माझं कामात लक्ष लागत नाही. मी हाडाच्या वॉर्डात आहे, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्यांले दुसऱ्याच दिवशी धरून चालवते, पण त्यांले विचारता तरी येते कुठं दुखते म्हणून. भुऱ्याले विचारता येत नाही, तं नीट पाहावं लागते.

माझ्या घरमालकिणीचा कुत्रा असाच लंगडत होता, तिच्यासोबत मी दवाखान्यात गेली होती. त्या डॉक्टरनं हात लावायच्या आधी त्याले सपाट जागेवर नुसतं चालवून पाहिलं, समोरून आणि बाजूनं. पुढचा पाय दुखत असला तं तो पाय टेकताना कुत्रं मान वर उचलते, आणि चांगल्या पायावर मान खाली जाते. मागचा दुखत असला तं त्या बाजूचा खुबा वर उचलला जाते. त्या कुत्र्याच्या गुडघ्याची आतली शीर तुटली होती. आपल्या भुऱ्याचं तसं नाही वाटत, कारण दादा, तू पाठवलेल्या पहिल्या व्हिडिओत तो पुढचा डावा पाय उचलून राहिला आणि परवाच्या व्हिडिओत मागचा उजवा. मी दोन्ही थांबवून थांबवून पाहिले. कोणाच्याच लक्षात आलं नाही का? काटा किंवा मुरगळा असता तं एकाच पायात राहिला असता. पाय बदलून बदलून लंगडणं, मधेच ताप, जेवण कमी, हे गोचिडाच्या तापात होते, सांधे दुखतात त्याचे. गोठ्यात गोचीड किती आहेत ते तुम्हालेच माहीत. कानाच्या आत आणि बोटांच्या मधात पाहा, तिथं लपून बसतात. त्याच्या हिरड्या पांढऱ्या दिसतात का, नाकातून रक्त येते का, शी काळी होते का, हे पण पाहा. यातलं काही दिसलं तं थांबू नका.

बाबा, तुम्ही विचारलं होतं की इथं रस्त्यावर मोकाट कुत्रे काऊन दिसत नाहीत. तं ऐका. इथं कुत्रं मालकाच्या नावावर असते. इथं कुत्रा पाळला की त्याचा कर भरावा लागते, आपल्या घरपट्टीसारखा, दरवर्षी. बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याचे वर्षाले १२० युरो म्हणजे बारा हजार रुपयांच्या वर, आणि दुसरा पाळला तं त्याचे १८०. मांजराले काहीच नाही, फक्त कुत्र्याले. पैसे भरले की नंबरचा बिल्ला भेटते, बाहेर नेताना तो गळ्यात पायजे. कातडीखाली चिप टाकावी लागते, कोणाले चावला तं भरपाईसाठी विमा काढावा लागते तो वेगळा. रेल्वेत मोठ्या कुत्र्याचं अर्धं तिकीट काढतात आणि तोंडाले जाळी बांधतात. आणि एवढं भरूनही त्याची घाण मालकानंच पिशवीत उचलायची. कराचा पैसा कुत्र्यांवरच खर्च होते असंही नाही, तो सरळ शहराच्या तिजोरीत जाते. मी घरमालकिणीले विचारलं, मंग तुम्ही भरता कशाले? ती म्हणाली, कुत्रा आहे तं भरावाच लागते. त्याच्या पायाच्या ऑपरेशनवर तिनं किती घातले ते मी लिहीत नाही, पण एकदाही कुरकुर केली नाही.

म्हणून बाबा, "कुत्र्याच्या पायाले कोण एवढं करते" असं नका म्हणू. भुऱ्यानं आपली तूर राखली आहे, रात्री रानडुकरं हाकलली आहेत.

आता औषधाचं. बाबांच्या गुडघेदुखीची गोळी त्याले अर्धी पण देऊ नका. माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या, पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, कुत्र्याले घातक असतात, पोटात जखमा होतात, लिव्हर-किडनी खराब होते. बाबा, तुम्हीच सांगायचे की पहिले मेलेल्या ढोरावर गिधाडं उतरायची आणि मंग दिसेनाशी झाली, ती याच डायक्लोफिनॅकनं. ढोराले ते टोचलेलं असे आणि ते खाऊन गिधाडं मरत, म्हणून २००६ मध्ये सरकारनं जनावरांसाठी ते बंद केलं. आणि काका डाग द्या म्हणून राहिले, तं डाग अजिबात द्यायचा नाही. आजार रक्तात असला तं कातडी जाळून काय होणार, उगाच जखम चिघळते. काकाले माझं नाव सांगा, वाईट वाटलं तं मी फोन करते.

दादा, त्याले अकोल्याले व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात ने. मूर्तिजापूरहून काही लांब नाही. गाडीचं जमलं नाही तं १९६२ ले फोन लाव, जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर आहे. दोन्ही व्हिडिओ डॉक्टरले दाखव, रक्त तपासा म्हण, प्लेटलेट पण पाहा म्हण, आणि लागला तं एक्स-रे. गोचिडाचाच ताप निघाला तं बहुतेक डॉक्सीसायक्लीन देतील, ते चारेक आठवडे चालते. पाय टेकला म्हणून मधात बंद करायचं नाही. नेताना तोंड दुपट्ट्यानं बांध, नाक मोकळं ठेव, दुखते तेव्हा घरचं कुत्रं पण चावते. रिपोर्टचा फोटो लगेच टाक, माझी ड्युटी असली तरी मी पाहीन.

पैसे टाकले आहेत दादाच्या खात्यात. त्यातले पाच हजार भुऱ्याचे, बाकीचा बँकेचा हप्ता. बाबा, हप्त्यासाठी कापूस खेड्यात कमी भावानं देऊ नका, लांब धाग्याच्या कापसाले २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलले ८११० रुपये आहे, थोडं थांबा. कर्ज माझं आहे, मी फेडते आहे. तुम्ही दिवाळीले नवीन कपडे नाही घेतले हे वहिनीनं सांगितलं, मले ते अजिबात आवडलं नाही.

आणि आई, अमरावतीच्या स्थळाचं. मी नाही म्हटलेलं नाही. दिवाळीले आली नाही, संक्रांतीले पण जमत नाही, मार्चच्या आधी सुट्टीच नाही, त्याले मी काय करू. मामाले सांग फोटो आणि पत्रिका पाठवा, पण तारीख धरू नका. मुलाशी मी आधी फोनवर बोलते. आणि त्या लोकांले आताच सांगून ठेव की मी नोकरी सोडणार नाही, मागून नको सांगू.

तुमची,
छोटी