विळीबद्दल थोडेसे

पवई, मुंबई

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गणपतीत घरी आले होते तेव्हा जेवताना बाबांनी विचारले होते की, मेकॅनिकलची पदवी आणि चांगली नोकरी हातात असताना पुन्हा दोन वर्षे चित्रे काढण्यात का घालवायची. तो प्रश्न काळजीपोटी होता हे मला ठाऊक आहे. तेव्हा मला नीट सांगता आले नाही, म्हणून आता सवडीने लिहिते आहे.

बाबा, उद्यमनगरात तुमच्या लेथवर जे ड्रॉइंग येते, त्यात माप, टॉलरन्स, मटेरियल असे सारे काही लिहिलेले असते. परंतु ते माप तेवढेच का असावे, हे त्या ड्रॉइंगच्या आधी कुणीतरी ठरवलेले असते. ते आधीचे काम मी शिकते आहे. आमचे इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर आयआयटीत 1969 साली सुरू झाले आणि त्याची घडी बसवणारे सुधाकर नाडकर्णी हे जेजे स्कूल ऑफ आर्ट आणि पुढे जर्मनीतील उल्म येथे शिकलेले होते. तुम्ही मतदान करताना ज्या यंत्राचे निळे बटण दाबता, त्या यंत्राच्या रचनेत इथल्या प्राध्यापकांचा हात आहे. चित्रे आम्ही पुष्कळ काढतो हे खरे, पण ती विचार करण्यासाठी असतात. एका वस्तूची पन्नास रेखाटने झाली की त्यातली दोन-तीन पुठ्ठ्यात किंवा फोममध्ये करून हातात धरून पाहायची, असा इथला रिवाज आहे.

पहिल्याच सत्रात आम्हाला चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने 1958 साली भारत सरकारसाठी लिहिलेला अहवाल वाचायला दिला होता. त्याच अहवालाच्या पाठोपाठ 1961 साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. भारतभर हिंडून त्यांनी पाहिलेल्या वस्तूंमध्ये त्यांना सर्वांत जास्त भावला तो लोटा, म्हणजे आपला तांब्या. तो डोक्यावर नेतात की कमरेवर, भरलेला असताना आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा राहतो, पाणी ओतताना धार कशी पडते, आतून घासताना हात पोहोचतो का, असे प्रश्न विचारत त्यांनी त्याच्याकडे पाहिले. ते वाचताना मला सारखे आपले स्वयंपाकघर डोळ्यांपुढे येत होते.

आई, म्हणूनच अंतिम प्रकल्पासाठी मी विळी निवडली आहे. गुडघ्यांमुळे तुला आता खाली बसवत नाही आणि सुरी धरली की अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, हे मी दोन वर्षे पाहते आहे. सुरीला बोटांनी सतत घट्ट आवळून धरावे लागते. विळीचे पाते मात्र जागेवर स्थिर असते आणि दोन्ही हात भाजीसाठी मोकळे राहतात, त्यामुळे दुखऱ्या अंगठ्यावर भार कमी येत असावा, असा माझा अंदाज आहे. न्यूयॉर्कचे सॅम फार्बर यांनी संधिवात असलेल्या पत्नीला साले काढताना होणारा त्रास पाहिला आणि त्यातून 1990 साली जाड, मऊ रबरी मुठीची ऑक्सो कंपनीची सोलाणी बाजारात आली. ती धडधाकट माणसांनाही आवडली. विळीचा विचार मात्र आपल्यालाच करावा लागेल.

विळी नुसती उचलून ओट्यावर ठेवली तर काम भागत नाही. आपला ओटा 84 सेंटिमीटर उंच आहे. त्यावर पाते छातीपर्यंत येते आणि खांदे उचलून धरावे लागतात. म्हणून मी ओट्याच्या कडेला खालच्या पातळीवर अडकवता येईल असा पाट केला. पाते पुठ्ठ्याचेच होते. वर्गात सर्वांना ते पसंत पडले होते. गणपतीत तू त्यावर गवार चिरून पाहण्याचा आविर्भाव केलास, काहीच बोलली नाहीस, फक्त डावा हात दोनदा पात्याखाली नेलास आणि रिकामाच मागे घेतलास. तेव्हा माझ्या लक्षात आले की, मी ताटाला जागाच ठेवली नव्हती. विळीवर चिरलेले सारे खालच्या ताटात पडते, आणि ते ताट किती भरले यावरून तू भाजी पुरेशी झाली की नाही ते ठरवतेस. मी पाते मोजले, पाट मोजला, आणि ताट मोजायचे विसरले. ही चूक मला फार लागली आहे.

नोकरीचे अजून काही ठरलेले नाही, हे लपवत नाही. पण हे काम मला मनापासून करायचे आहे.

आता दोन विनंत्या. आई, दिवाळीच्या आधी मी आठ दिवस येईन. तेव्हा तुझ्या हातांचे चित्रीकरण करू दे, आणि माझ्यासाठी म्हणून काही वेगळे करू नकोस, रोजची कोशिंबीर आणि भाजीच चिर. बाबा, ओट्याला पकडणाऱ्या शिकंजाचे ड्रॉइंग सोबत पाठवले आहे. त्यातले कुठले माप तुम्हाला चुकीचे वाटते ते पेन्सिलीने खोडून लिहा. माळ्यावर आजीची जुनी विळी आहे, ती काढून ठेवा. तिला धार लावू नका, पाटही धुऊ नका. आजीच्या पायाने तो जिथे झिजला आहे, ती जागा मला मोजायची आहे.

तुमची,
धाकटी