विज्ञान प्रदर्शनातले मासे आणि वर्गमित्र

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शालेय विज्ञान प्रदर्शनांत मी बरीच वर्षं परीक्षक म्हणून जातो. कल्पना नवी आहे का, उपयोगी आहे का, मांडणी कशी आहे, मुलाला स्वतःला कितपत समजलंय, या सगळ्याला गुण असतात. प्रयोग कुणावर केला आणि त्याला काय सोसावं लागलं, हे विचारणारा रकाना मात्र मला अजून दिसलेला नाही.

अलीकडच्याच एका प्रदर्शनात 'डिटर्जंटचा जलचरांवरील परिणाम' असा प्रकल्प होता. ओळीनं मांडलेल्या बरण्या, प्रत्येकीत साबणाचं प्रमाण वाढत गेलेलं आणि आत गप्पी मासे. तक्त्यात रकाना होता 'मृत्यूस लागलेला वेळ (मिनिटे)'. शेवटच्या बरणीतला मासा वर येऊन तोंड उघडझाप करत होता आणि मुलगा मोबाइलवर स्टॉपवॉच लावून उभा होता. पोरगा हुशार, उत्तरं चटपटीत. त्याला थांबवणारं कुणी नव्हतं, एवढंच. डासांच्या अळ्या खातात म्हणून गप्पी सगळीकडे पाळतात, त्यामुळे मिळायलाही सोपे. साबणानं माशांचे कल्ले निकामी होतात हे तर केव्हाच माहीत आहे. हाच प्रयोग कांद्यावर करता येतो. कांद्याचा बुडखा त्या त्या पाण्यात टेकवून ठेवायचा आणि रोज मुळांची लांबी मोजायची. आकडे उलट जास्त मिळतात, आलेखही छान येतो.

पलीकडच्या टेबलावर 'आमच्या वर्गातील स्थूलता'. हजेरीपटाच्या क्रमानं नावं, उंची, वजन, बीएमआय आणि शेवटी काही नावांपुढे लाल स्केचपेननं 'लठ्ठ'. त्याच वर्गातली मुलं-मुली घोळक्यानं प्रदर्शन बघत फिरत होती! नावं झाकली असती तर प्रकल्पाचं काय बिघडलं असतं? एकमेकांच्या बोटाला सुई टोचून रक्तगट तपासण्याबद्दल तर बोलायलाच नको.

प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा सांगतो की शिक्षणसंस्थांत पुस्तकं, प्रतिकृती, चित्रफिती यांनी भागत असेल तिथे प्राण्यांवर प्रयोग टाळावेत. 2014 मध्ये यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, महाविद्यालयांतलं प्राणिविच्छेदन बंद करायला सांगितलं. म्हणजे बीएस्सीच्या विद्यार्थ्यानं बेडूक कापायचा नाही, पण सातवीतल्या मुलानं मासे मारले की त्याला बक्षीस. माणसांबाबत आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. लहान मुलांवरच्या संशोधनाला पालकांची संमती लागते आणि सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही. भारतातली मुलं ज्या 'आयसेफ' या अमेरिकेतल्या शालेय विज्ञान स्पर्धेला जातात, तिथे माणसांवरच्या किंवा पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांवरच्या प्रकल्पाला काम सुरू करण्याआधीच समितीची मंजुरी लागते. माशांना विष देऊन मारण्याचा प्रकल्प तिथे दारातच अडेल.

आपल्याकडे तालुक्यागणिक समित्या नेमा असं माझं म्हणणं नाही. त्यांच्या बैठकाच होणार नाहीत. प्रवेशअर्जात दोन ओळी वाढवाव्यात: प्रयोगात सजीव आहेत का, असल्यास त्यांच्याशिवाय का भागत नाही, आणि माणसं असतील तर त्यांची व पालकांची संमती घेतली का, नावं गुप्त ठेवली का. खाली मार्गदर्शक शिक्षकाची सही, तीही प्रयोग सुरू होण्याआधीच्या तारखेची. या ओळी कोऱ्या असतील तर आम्ही परीक्षकांनी तो प्रकल्प तपासायलाच घेऊ नये, मग मॉडेल कितीही देखणं असो.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सातारा