मूळव्याध म्हणून सोडून देऊ नकोस

सॅन फ्रान्सिस्को
रविवार रात्र

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, "संडासला कधीमधी रक्त पडतं, मूळव्याध असेल, त्रिफळा घेतोय." तुझ्यामागे आईचा आवाज येत होता म्हणून मी गप्प बसलो. पण ते वाक्य डोक्यातून जात नाही.

गेल्या महिन्यात मी इथे गुदद्वाराच्या कर्करोगासाठीची तपासणी करून घेतली. बायकांच्या गर्भाशयमुखाच्या पेशी तपासायची पॅप टेस्ट असते ना, तशीच. एचआयव्ही असलेल्या, पुरुषांशी संबंध असलेल्या आपल्यासारख्या पुरुषांनी पस्तिशीपासून ती करावी, असं २०२४ मधल्या मार्गदर्शक सूचना सांगतात. कारण एचपीव्ही, गर्भाशयमुखाचा कर्करोग करणारा तोच विषाणू. आपल्या गोळ्यांनी एचआयव्ही दबतो, रिपोर्टवर 'अंडिटेक्टेबल', म्हणजे चाचणीत सापडत नाही इतका कमी, असं येतं, पण एचपीव्हीवर त्या चालत नाहीत. तो आतल्या पेशी वर्षानुवर्षं बिघडवत राहतो. दुखत नाही, खुपत नाही.

आधी ओल्या काडीने पेशी घेतल्या, मग डॉक्टरांनी बोटाने तपासलं. पेशींचा रिपोर्ट बरा नव्हता, म्हणून पुन्हा बोलावलं. छोटी नळी घालून पातळ ॲसेटिक ॲसिड लावलं आणि भिंगातून पाहिलं. बिघडलेली जागा त्याने पांढरी पडते. तिथला कणभर तुकडा काढला. कर्करोग नव्हता, त्याच्या आधीची पायरी होती. ती जागा भूल देऊन जाळली. चार दिवस बसताना त्रास झाला, एवढंच. त्या टेबलावर कुशीवर पडून असताना मला तूच आठवत होतास.

जाळून उपयोग होतो का, हे अमेरिकेतल्या 'अँकर' अभ्यासाने २०२२ मध्ये दाखवलं. अशी बिघडलेली जागा सापडलेले, एचआयव्ही असलेले ४,४५९ जण. निम्म्यांवर उपचार, निम्म्यांवर नुसती नजर. उपचार झालेल्यांत ९ जणांना कर्करोग झाला, दुसऱ्या गटात २१ जणांना. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवून सगळ्यांना उपचार देऊ केले. नऊ जणांना तरीही झालाच, आणि गेलेली जागा परत बिघडू शकते. म्हणून मला सहा महिन्यांनी पुन्हा जायचंय.

भिंगाची तपासणी करणारे डॉक्टर फार थोडे असतात. पण बोटाने तपासणं कुठलाही सर्जन करतो, दोन मिनिटांत. एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या एआरटी सेंटरच्या डॉक्टरांना रक्ताचं सांग, चिठ्ठी माग. आणि पुरुषांशी संबंध आहेत हे सांग. मी पुण्यात असताना एका डॉक्टरने "लग्न झालंय का?" विचारलं, मी मान खाली घालून "व्हायचंय" म्हटलं आणि मलम घेऊन घरी आलो. न बघताच मलम! तसं करू नकोस. तुझा डॉक्टर नीट बोलला नाही तर दुसरा गाठ. मूळव्याधच निघाली तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही.

सकाळची वेळ घे. तुझे अकरा म्हणजे माझे आदल्या रात्रीचे साडेदहा. बाहेरच्या बाकावर बसलास की फोन लाव, नंबर पुकारेपर्यंत बोलत बसू.

तुझाच,
अण्णा