मॅक्रो लेन्सशिवाय सुट्या भागांचे फोटो

संपादक महोदय,
मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सुटे भाग शोधणारे विद्यार्थी दुकानदाराला इतके अंधुक फोटो दाखवतात, की रेझिस्टरवरचे १०३, म्हणजे १० पुढे तीन शून्ये, अर्थात १० किलोओहम रोध, वाचताच येत नाही. यासाठी अगदी जवळून फोटो काढणारी महागडी मॅक्रो लेन्स लागत नाही. अ‍ॅपर्चर (लेन्समधले उजेडाचे छिद्र) लहानमोठे करणारी रिंग असलेली जुनी ५० मिमी लेन्स रिव्हर्स रिंग (लेन्स उलटी जोडणारी कडी) लावून कॅमेऱ्यावर उलटी बसवावी. ही कडी लेन्सच्या पुढच्या, फिल्टर बसवायच्या आट्यांच्याच मापाची हवी. अ‍ॅपर्चर एफ/८ ठेवावे. पूर्ण उघडे राहिले, तर चिपचे पाय स्पष्ट आणि वरची अक्षरे धूसर येतात. फोकससाठी कॅमेराच मिलिमीटरभर पुढेमागे सरकवावा. समोरून फ्लॅश नकोच, सोल्डर चकाकते! कोरलेली अक्षरे तिरप्या उजेडातच उठतात. उजेड मऊ व्हावा म्हणून दिव्यापुढे ट्रेसिंग पेपर धरावा. बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून टायमर २ सेकंदांचा. घर रुळांलगत असेल, तर हादऱ्याने फोटो हलू नये म्हणून आधी लोकल जाऊ द्यावी.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई