बाबांच्या कानातले रातकिडे

बजाजनगर, वाळूज

तीर्थरूप बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणेल. पण बाबा, परवा तुम्ही तीनदा "काय?" म्हणालात आणि फोन आईकडं दिलात. आईनं माझं निम्मं सांगितलं, निम्मं गाळलं. हे चष्मा लावून सावकाश वाचा.

"कानात रातकिडे ओरडायलेत, झोपच लागंना," असं तुम्ही म्हणालात आणि मी हसलो. हसायला नको होतं. तेच रातकिडे दोन वर्षांपासून माझ्याही कानात आहेत. तुम्ही काळजी करत बसाल म्हणून बोललो नव्हतो.

एका रात्री लाईट गेली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. पंखा थांबला, फ्रिज थांबला, अख्खी गल्ली गप्प झाली आणि एक बारीक 'ईऽऽ' तेवढा उरला. उठून मीटरला कान लावला. मोबाईल बंद करून पाहिला. शेवटी दोन्ही कानांत बोटं घातली, तर आवाज आणखीच स्पष्ट! घाम फुटला. सहा वर्षं प्रेस शॉपला आहे, म्हणजे पत्रा दाबून ठोकणाऱ्या मशीनांच्या खात्यात. कानात घालायचे बोळे मिळतात, पण माझे लॉकरात पडून असायचे. चूक माझीच.

पुढचे चार महिने काय काय केलं ते सांगायची लाज वाटते. लसूण कढवलेलं करडीचं तेल घातलं, आपल्या घरच्याच पद्धतीनं. मग मेडिकलमधून जिंको नावाच्या झाडाच्या पानांच्या अर्काच्या गोळ्या आणल्या. त्या गोळ्या यासाठी देऊ नका, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१४ सालीच सांगून ठेवलंय, हे मला पैसे गेल्यावर कळलं.

शेवटी कानाच्या डॉक्टरांकडं गेलो. आधी मळ आहे का ते बघितलं, कधीकधी नुसता मळ काढला तरी आवाज जातो म्हणे. माझे कान साफ होते. मग बंद खोलीत बसवून कानाला हेडफोन लावला, हातात बटण दिलं. बारीकसा आवाज आला की दाबायचं. कागदावर जी रेघ उमटली ती बरी चालत येते आणि ४००० हर्ट्झजवळ, म्हणजे बारीक, उंच आवाजांपाशी, एकदम विहिरीत उतरल्यासारखी खाली जाते. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्यांची विहीर बहुतेक तिथंच पडते. कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यात बारीक केसांच्या जवळपास १५,००० पेशी. वाऱ्यानं लोळलेली ज्वारी एखाद्या वेळी उभी राहते, पण तिच्यावरून रोज गाडी नेली तर? आणि या पेशी माणसाला पुन्हा उगवत नाहीत. तिकडून आवाज यायचा कमी झाला की मेंदू, स्टेशन नीट लागंना म्हणून तुम्ही रेडिओचं बटण पिळता ना, तसं आपलं बटण वाढवतो. आपल्याला ऐकू येते ती त्याची खरखर.

ती बंद करणारी गोळी आज नाही, हे डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. मनात म्हटलं, मग फी कशाची घेता?

पण उपयोग झाला. झोपताना मोबाईलवर पावसाचा आवाज लावतो, रातकिड्यांपेक्षा किंचित लहान. त्यांना बुडवायचं नाही, नुसतं सोबतीला कुणी बसवायचं. दुसरं म्हणजे एका समुपदेशक ताईंकडं आठ आठवडे गेलो. मला वाटलं, वेडा समजले की काय. त्यांनी वही दिली आणि म्हणाल्या, आवाज जाणवला की मनात पहिलं वाक्य कोणतं येतं ते लिहा. मी लिहिलं, 'हे वाढत जाणार, मी बहिरा होणार, नोकरी जाणार.' रोज तेच. माझी झोप आवाजानं कमी आणि त्या वाक्यानं जास्त जात होती. आवाज आजही आहे, आत्ता लिहितानाही आहे. पण तुम्हाला गिरणी चालू असताना गिरणी कुठं ऐकू यायची? पीठ जाड पडायला लागलं की मात्र बाहेर बसूनही कळायचं. तसं झालंय माझं.

भूकंपाच्या वर्षी, १९९३ ला, तुम्ही गिरणी टाकलीत आणि लॉकडाऊनपर्यंत चालवलीत. सत्तावीस वर्षं तो पट्टा, ते इंजिन, ती पत्र्याची खोली. आणि रात्री उशाला रेडिओ. परभणी केंद्र बंद झालं तरी तुम्ही ती खरखर चालू ठेवायचात, आई वैतागून सेल काढून डाळीच्या डब्यात लपवायची आणि मी पांघरुणातून तुमच्यावर चिडायचो. परवा पाऊस लावून पडलो होतो तेव्हा ते आठवलं आणि उठून बसलो. बाबा, तेव्हापासून होतं का हो?

आता कामाचं. कानात तेल नको, काडी नको. पडद्याला भोक असलं तर तेल आत जाईल. घरपोच येणारं कानाचं स्वस्त मशीन मागवू नका. तपासून, तुमच्या आलेखाप्रमाणे लावलेलं मशीन वेगळं असतं. बाहेरचे आवाज परत यायला लागले की आतला पुष्कळांना मागं सरल्यासारखा वाटतो. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून ठेवा, पायाच्या सुजेची आणि गुडघ्याची धरून. काही औषधांनी कान वाजतात. पण आपल्या मनानं एकही बंद करू नका. आवाज एकाच कानात आहे का, आणि नाडीसारखा ठोके देतो का, हे नीट बघून ठेवा. तसं असलं तर जास्त तपासण्या लागतात. आणि एका कानाचं अचानक ऐकू येईनासं झालं, तर माझी वाट बघू नका, त्याच दिवशी निघा. त्यात दिवस मोजून असतात.

रविवारी रात्री येतो. सोमवारी सकाळी आंबाजोगाईला सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जाऊ. केसपेपरला रांग असते, सातला निघावं लागेल. "वयानं व्हायलंय, कशाला पैसे घालायलास," हे आत्ताच म्हणून घ्या, म्हणजे सोमवारी वेळ जाणार नाही.

आई, तोवर डाळीच्या डब्यात सेल असतील तर काढून दे.

तुमचा,
दत्ता